शह, काटशह आणि घरचे नियम

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

राजकारणाची बातमी वाचताना आपण ‘शह-काटशह’ हा शब्द इतक्यांदा वाचतो, की तो पटावरून आला आहे याचा विसरच पडतो. शह म्हणजे राजावर आलेला हल्ला. काटशह म्हणजे तो हल्ला अडवता अडवता समोरच्याच राजावर उलटवलेला हल्ला. वार चुकवायचा आणि त्याच हालचालीत परतवायचाही. ‘पोबारा करणे’ हेही तसेच. सोंगट्यांच्या खेळात तीन फाशांवर एक, सहा आणि सहा पडले की त्या दानाला ‘पौबारा’ म्हणत. एवढे मोठे दान पडले, की मागे शत्रू लागलेली सोंगटी एका दमात निसटून जाई. तेव्हापासून पळ काढणारा प्रत्येक जण पोबारा करतो आहे! फासे उलटे पडतात, प्याद्याचा फर्जी होतो, डाव अंगलट येतो. आपल्या बोलीत असा सगळा पट मांडलेला आहे.

आज बोलायचे आहे ते या पटावरच्या एका बाजूविषयी, म्हणजे बचावाविषयी. जुने बैठे खेळ नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. मारायचे कसे, याचे नियम गावोगाव जवळपास सारखेच असतात. शत्रूच्या घरात आपली सोंगटी गेली, की ती मेली. यावर कोणी भांडत नाही. भांडण होते ते वाचायचे कसे, यावर. कोणते घर सुरक्षित, कोणती जोडी अभेद्य, राजाने कधी उडी मारायची आणि कधी नाही, हे गावागणिक, वाड्यागणिक, कधी कधी तर आजोळ आणि घर यांच्यातही वेगळे. म्हणून खेळ सुरू होण्याआधी पहिला प्रश्न यायचा, “तुमच्याकडं कसं खेळतात?” या साध्या प्रश्नात मोठा इतिहास दडला आहे.

परभणीच्या भागात तर हा प्रश्न टाळताच येणार नाही, अशी इथली जडणघडण आहे. गोदावरीच्या काठचा हा मुलूख उत्तर आणि दक्षिण यांच्या वाटेवरचा. कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव, बहमनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी १९४८ पर्यंत हैदराबादचा निजाम, अशा राजवटी इथे आल्या आणि गेल्या. मराठी आणि उर्दू इथे एका पारावर बसल्या. आता बुद्धिबळाचेच बघा. मराठीत हत्ती म्हणजे कोपऱ्यातले, सरळ चालणारे मोहरे. उर्दूत त्या मोहऱ्याला ‘रुख’ म्हणतात. आणि हत्ती या अर्थाचा ‘फील’ हा शब्द तिथे तिरप्या चालीच्या मोहऱ्याला, म्हणजे आपल्या उंटाला लावतात. तेव्हा एक मराठी बोलणारा आणि एक उर्दू बोलणारा समोरासमोर बसले, तर हत्ती म्हणजे कोण, इथूनच ठरवायला सुरुवात करावी लागणार. आधी बोलायचे, मग खेळायचे.

या खेळांच्या नोंदी आपल्या मुलखात फार जुन्या आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच्या राज्यात होता. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सर्व विषय घेणाऱ्या या ग्रंथात चतुरंग, फाशांचा खेळ आणि कवड्यांचा खेळ यांनाही जागा आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त चौपडीचे वर्णन केले. सोळा सोंगट्या, चार रंग, तीन लांबट फासे आणि फाशांच्या चार बाजूंवर एक, दोन, पाच, सहा असे ठिपके. आपल्याकडच्या सारीपाटाचे फासे अगदी असेच. अकबराला हा खेळ पुरेना, तेव्हा त्याने सोळा जणांनी खेळायचा ‘चंदल मंडल’ नावाचा नवाच प्रकार काढला, असेही अबुल फजल सांगतो. म्हणजे बादशहाच्या घरीही ‘घरचे नियम’ होतेच! आणि अगदी अलीकडचे सांगायचे तर आपल्या मराठवाड्यातच, औरंगाबादेत, १८७१ च्या सुमारास हरिकृष्ण शर्मा यांनी ‘क्रीडाकौशल्य’ हे खेळांवरचे संस्कृत प्रकरण रचले. परभणीपासून दोनशे किलोमीटरच्या आत बसून एक विद्वान बैठ्या खेळांचे नियम श्लोकांत बांधत होता, हे आपल्याला माहीत असायला हवे.

आता बचावाकडे वळू. सारीपाटाचा कापडी पट आठवा. चार पट्ट्यांची फुली, प्रत्येक पट्टीत तीन ओळी, ओळीत आठ घरे. चार पट्ट्यांची मिळून शहाण्णव घरे आणि मधली मोठी जागा. या एकाच पटावर दोन वेगळे खेळ खेळले जात आणि त्यांचा बचावाचा विचारही वेगळा.

कवड्यांनी खेळतात ती पचिशी. तिच्यात प्रत्येक पट्टीवर तीन, अशी बारा घरे फुलीची असतात. फुलीवरच्या सोंगटीला कोणी मारायचे नाही. इथे संरक्षण जागेचे आहे. देवळाच्या ओवरीत आलेल्याला कोणी हात लावत नाही, तसे. सोंगटी एकटी असो, दुबळी असो, फुलीवर पोचली की वाचली.

फाशांनी खेळतात तो चौसर. त्यात फुलीचा आसरा नाही. तिथे वाचायचे असेल तर सोबती हवा. एकाच रंगाच्या दोन सोंगट्या एका घरात आल्या, की त्यांचे जुग होते. एकट्या सोंगटीने जुग मरत नाही. जुगाला मारायला जुगच लागते. इथे संरक्षण संगतीचे आहे. जुग फुटले, की दोन्ही सोंगट्या पुन्हा उघड्या पडल्या. म्हणून चांगला खेळाडू मोठे दान पडले तरी एकटी सोंगटी पुढे दामटत नसे. मागचीला बरोबर घेऊनच चाले.

एकाच पटावर माणसांनी सुरक्षिततेची दोन उत्तरे शोधली. एक म्हणते, जागा धर. दुसरे म्हणते, जोडी धर. आणि मग घरोघरी तिसरे उत्तर तयार झाले, ते या दोहोंच्या मिश्रणाचे. कवड्यांच्या खेळातही जुग चालेल का? फुलीवर आधीच शत्रू बसला असेल तर आपण तिथे जायचे की नाही? या प्रश्नांना ठरलेले उत्तर नव्हते. घरातले वडीलधारे सांगतील, ते उत्तर.

सारीपाट थोरांचा. मुलांचा आणि दुपारच्या निवांत वेळी बायकांचा खेळ म्हणजे अष्टाचंगा. काही भागांत त्याला चौकाबारा म्हणतात. जमिनीवर खडूने किंवा कोळशाने पाच बाय पाचचा पट आखायचा, चारी कडांच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यभागी फुल्या काढायच्या. कवड्या नसल्या तर फोडलेले चिंचोके चालतात. फुलीवरची सोंगटी सुरक्षित, हे इथेही आहेच. पण पुष्कळ घरांत आणखी एक अट असते : समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जायचे नाही. या एका अटीने सारा खेळ बदलतो. नुसते फुलीवरून फुलीवर लपत पुढे जाणाऱ्याला कधी तरी उघड्यावर यावेच लागते. बचावाची सोय द्यायची, पण भित्रेपणाला बक्षीस द्यायचे नाही. अट घालणाऱ्याने खेळाचा समतोल किती नेमका ओळखला होता, बघा.

वाघबकरी हा बैठा खेळ तर बचावाचाच. एका बाजूला मोजके वाघ, दुसऱ्या बाजूला पुष्कळ बकऱ्या. काही पटांवर तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या, काहींवर चार वाघ आणि वीस बकऱ्या. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो. पण बकरीच्या मागची जागा रिकामी असेल तरच. मागे दुसरी बकरी उभी असेल तर वाघाची उडी संपली. बकरीला दात नाहीत, नखे नाहीत. तिच्याजवळ एकच शस्त्र : पाठीशी उभी असलेली दुसरी बकरी. अशा पाठीला पाठ लावून बकऱ्या हळूहळू वाघाची कोंडी करतात आणि जिंकतात. इथेही घरचे नियम आलेच. सगळ्या बकऱ्या पटावर आल्याशिवाय त्यांनी हलायचे की नाही? वाघाने एका दमात दोन उड्या मारायच्या का? वाघाला एक सवलत जास्त दिली, की बकऱ्या हरल्याच म्हणून समजा.

महाराष्ट्रातल्या कितीतरी लेण्यांत, देवळांत, किल्ल्यांवर असे पट दगडी फरशीत कोरलेले सापडतात. पहारेकरी, पाथरवट, वाटसरू, गुराखी यांनी ते कोरले असावेत. जिंतूर तालुक्यात चारठाण्याची यादवकालीन मंदिरे पाहायला आपण जातो, तेव्हा मान वर करून खांब आणि शिखरे पाहतो. एकदा मान खाली घालून फरशीही पाहावी. अशा जागी काय सापडेल, ते पाहिल्याखेरीज सांगता येत नाही.

आता बुद्धिबळ. आपले देशी बुद्धिबळ आजच्या स्पर्धांतल्या खेळाहून निराळे होते. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चाले. राजा आणि हत्ती मिळून आज जो किल्लेकोट करतात, तो नव्हता. त्याऐवजी राजाला साऱ्या डावात एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मारता येई. पण एका अटीवर : तोवर त्याला शह बसलेला नसावा. शह बसला, की उडीचा हक्क गेला. त्यामुळे समोरचा खेळाडू एखादे मोहरे गमावूनही लवकर शह द्यायला टपलेला असे. राजाची पळवाट बंद करणे हाच एक मोठा डाव होता. आणि शह बसला तरी राजा न हलता मधे मोहरे घालून वाचला, तर हक्क राहतो की जातो? यावर ओट्यावर किती आवाज चढले असतील, याची कल्पना करता येते.

याहून मजेचा नियम ‘बुर्जी’चा. एका बाजूची सगळी मोहरी आणि प्यादी मरून राजा एकटा उरला, तर ती बुर्जी. मग जिंकणाऱ्याला पुरा विजय मिळत नसे. काही ठिकाणी अर्धा डाव, काही ठिकाणी सरळ बरोबरी. म्हणजे हरत आलेल्या खेळाडूला एक शेवटचा बचाव उरे : आपलीच उरलेली मोहरी शत्रूच्या तोंडी देऊन मोकळे व्हायचे! आणि जिंकणाऱ्याला भान ठेवावे लागे, की समोरच्याला पार नागवायचे नाही, त्याच्याकडे काहीतरी शिल्लक असतानाच मात करायची. त्यातही प्याद्याने मात केली, तर मान सर्वांत मोठा. सर्वस्व लुटून मिळवलेला विजय हा विजयच नव्हे, असे हा नियम सांगतो.

हे नियम मागासलेले होते आणि नवे आले ते बरे झाले, असे कोणाला वाटेल. पण एक गोष्ट ऐका. १८५० च्या दशकात कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर आणि मोहेशचंद्र बॅनर्जी हा बंगाली खेळाडू यांचे अनेक डाव झाले. मोहेशचंद्र देशी पद्धतीत मुरलेला. प्यादे एकेक घर सरकवायचे, उंट कोपऱ्याकडच्या लांब तिरप्या रेषेवर बसवायचा, मध्यभाग समोरच्याला घेऊ द्यायचा आणि मग दुरून त्यावर मारा करायचा, ही त्याची रीत. युरोपियनांना ती विचित्र वाटली. पुढे विसाव्या शतकात जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंनी तीच उचलली. आज जगभर ज्यांना ‘इंडियन डिफेन्स’ म्हणतात, त्या बचावांच्या नावात आपल्या ओट्यावरच्या एक-घर-चालीचा अंश आहे. घरचा नियम जगाचा झाला, तो असा.

सुलतान खानचे उदाहरणही तसेच. पंजाबातल्या या खेळाडूने देशी नियमांत बुद्धिबळ शिकले, आंतरराष्ट्रीय नियम मोठेपणी आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे मिळवली. माजी जगज्जेता कापाब्लांका याला त्याने हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत हरवले. संथपणे बाजू सांभाळत शेवटच्या टप्प्यात डाव जिंकणे ही त्याची ताकद. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली, त्याच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी.

बचावाच्या नियमांचा हा घोळ फक्त आपल्याकडेच आहे, असे नाही. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर, फासे टाकून खेळायचा युद्धखेळ तयार केला. त्याचे नियम इतके वाढले, की १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनानीने सांगितले, नियमांचे ओझे कमी करा, अनुभवी पंच काय म्हणतो ते माना. पुढे शंभर वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावरचा खेळ आणला. त्यात प्रत्येक खेळाडू एखाद्या वीराची भूमिका घेतो, एक जण गोष्ट पुढे नेतो आणि लढाईचा निकाल फाशांवर लागतो. आपल्याकडेही आता पुण्या-मुंबईची तरुण मंडळी तो खेळतात. त्यात मारणारा फासा टाकतो आणि समोरच्याच्या चिलखताचा आकडा ओलांडला, की वार बसतो. वार झेलणाऱ्याने काय करायचे? नुसते पाहत राहायचे!

फरीगदगा खेळलेल्या कोणालाही हे पटणार नाही. आपल्या तालमींत शिकवतात ते हेच : वार अंगावर घ्यायचा नाही, फरीवर घ्यायचा. ढाल पुढे करणे हीसुद्धा एक कृती आहे, एक कौशल्य आहे. अमेरिकन खेळाडूंनाही हीच उणीव जाणवली. मग कोणी म्हणाले, तलवारीने वार अडवणाऱ्यालाही फासा टाकू द्या. कोणी म्हणाले, अडवायचे तर आपला वार सोडावा. घरोघरी वेगळे नियम झाले. १९७८ मध्ये ‘रूनक्वेस्ट’ या दुसऱ्या खेळाने वार अडवण्यासाठी स्वतंत्र फासा दिला, तेव्हा बचाव करणाऱ्याच्या हाती पुन्हा काहीतरी आले. आपल्या बुद्धिबळात काटशहाला जी जागा, तीच ही.

मग प्रश्न येतो, हे नियम कधी ठरवायचे? उत्तर महाभारतातच आहे. द्यूतसभेत द्रौपदीने जो प्रश्न विचारला, तो नियमाचाच होता : युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, तर मला पणाला लावण्याचा हक्क त्याला उरला होता का? भीष्मांसारख्यांनाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. कारण तो प्रश्न फासे पडण्यापूर्वी कोणी विचारलाच नव्हता. डाव रंगात आल्यावर दुबळ्याच्या बाजूचा नियम कोणी करत नाही. तो आधीच, दोघेही सारखे असताना करावा लागतो. “तुमच्याकडं कसं खेळतात?” या प्रश्नाची थोरवी ती हीच.

आज तो प्रश्न बंद होत चालला आहे. पचिशी इंग्लंडला गेली, १८९६ मध्ये तिथे ‘लूडो’ या नावाने तिचे पेटंट झाले आणि छापील पुठ्ठ्यावरून ती आपल्याकडे परत आली. बुद्धिबळाची जागतिक संघटना १९२४ मध्ये पॅरिसला स्थापन झाली. आपली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये एलुरूला भरली आणि त्यात महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. स्पर्धेसाठी सगळीकडे एकच नियम हवा, हे खरेच. त्यावाचून गावातल्या मुलीला जगाशी खेळता येणार नाही. पण घरी खेळताना कोणाची सक्ती होती? आता मोबाईलवर लूडो खेळतो तेव्हा चांदणीच्या घरावर सोंगटी सुरक्षित असते. ती चांदणी म्हणजे आपली फुलीच. फरक एवढाच, की तिच्याविषयी कोणाशी वाद घालता येत नाही. यंत्र सांगते आणि आपण ऐकतो. नियम पाळायला शिकवणारे पुष्कळ आहेत. समोर बसून नियम ठरवायला शिकवणारा ओटा मात्र गेला.

म्हणून एक विनंती आहे. सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा, पालम, जिंतूर, तुम्ही कुठेही असा, घरात ऐंशीच्या घरातली माणसे असतील, तर या सुट्टीत त्यांच्यासमोर पट मांडा. फुलीवर शत्रू असेल तर काय करायचे, जुग कशाने फुटते, वाघाला किती उड्या, राजाला शह बसल्यावर उडी मिळते का, हे त्यांना विचारा आणि शाळेच्या साध्या वहीत तारीख, गाव घालून लिहून ठेवा. खेळाचे नाव त्यांच्या तोंडात जसे असेल तसेच लिहा. राजांच्या लढायांचे कागद दप्तरांत जपले आहेत. आपल्या आज्यांनी चिंचोक्यांनी लढलेल्या लढायांचे, आणि त्यांत दुबळ्या सोंगटीला वाचवायला त्यांनी केलेल्या कायद्यांचे कागद कुठेच नाहीत. ते आपल्यालाच तयार करावे लागतील.